थर्मल बाइंडिंगची अट आणि कोकणातला पावसाळा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

देवगड तालुक्यात गेली २२ वर्षे मी झेरॉक्स आणि बाइंडिंगचे दुकान चालवते. अलीकडे अनुदानाचे प्रस्ताव, निविदा आणि महाविद्यालयांतील प्रकल्प अहवाल यांच्या सूचनापत्रांत एक ओळ हमखास आढळू लागली आहे. कागदपत्रे थर्मल बाइंडिंग (म्हणजे उष्णतेने वितळणाऱ्या गोंदाने केलेली बांधणी) करूनच सादर करावीत, स्पायरल केलेले किंवा सुटे संच स्वीकारले जाणार नाहीत, अशा अर्थाची ती ओळ असते. तिच्यामुळे माझ्या दुकानाचा धंदा वाढला, हे आधीच कबूल करते. तरीही ज्या हेतूने ही अट घातली जाते तो हेतू तिच्यामुळे साधत नाही, आणि आमच्या किनारपट्टीवर, विशेषतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, तिचा भुर्दंड अर्जदारालाच सोसावा लागतो. संबंधितांच्या हे लक्षात यावे म्हणून आपल्या दैनिकाकडे हे पत्र पाठवीत आहे.

अट घालण्यामागचा हेतू मला निरनिराळ्या कार्यालयांच्या खिडक्यांवर एकाच शब्दांत ऐकायला मिळाला आहे: ‘एकदा दिलेल्या संचातले पान कोणाला काढता-घालता येऊ नये.’ स्पायरलच्या बाबतीत ही शंका रास्त आहे, कारण प्लास्टिकच्या तारेचे मुडपलेले टोक कात्रीने उडवले की ती फिरवत बाहेर काढता येते आणि हवे ते पान बदलून पुन्हा घालता येते. थर्मलचे संच मात्र गोंदाने चिकटलेले असतात, तेव्हा त्यांतले पान फाडल्याशिवाय निघणार नाही, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक चुकीचे कसे आहे हे समजण्यासाठी ते यंत्र काय करते ते थोडे तपशिलाने सांगावे लागेल.

थर्मलचे कव्हर म्हणजे पुढे पारदर्शक प्लास्टिक, मागे जाड कार्ड आणि दोहोंना जोडणारा कणा. या कण्याच्या आतल्या बाजूला गोंदाची पट्टी कारखान्यातच बसवलेली असते. हा गोंद बहुधा इथिलीन विनाइल अ‍ॅसिटेट या जातीचा, म्हणजे धंद्याच्या भाषेत ईव्हीए, असतो. खळ किंवा पांढरा फेव्हिकॉल यांतले पाणी उडून गेले की ते वाळतात, आणि म्हणूनच चिकटतात. ईव्हीएचे तसे नाही. तो मुळात एक प्रकारचे प्लास्टिक आहे; तापला की पातळ होतो आणि निवला की घट्ट होतो, एवढाच त्याचा स्वभाव. कागद चारही बाजूंनी ठोकून सारखे करायचे, कव्हरात अगदी तळापर्यंत बसवायचे आणि कणा खाली करून संच यंत्राच्या खाचेत उभा करायचा. खालची पट्टी तापते, गोंद वितळतो आणि प्रत्येक कागदाची कड त्या पातळ गोंदात टेकते. कव्हराच्या जाडीप्रमाणे अर्ध्या ते दीड मिनिटात यंत्र शिट्टी देते. मग संच बाहेर काढून, कणा टेबलावर दोन-तीनदा हलकेच आपटून, यंत्राच्या मागे असलेल्या जाळीत तो उभा ठेवायचा असतो. गोंदाची पकड खरी बसते ती या जाळीत, आणि घाईच्या गिऱ्हाइकाला नेमका तोच वेळ द्यायचा नसतो.

आता पान बदलण्याविषयी. दोन वर्षांपूर्वी आंबा बागायतदारांच्या एका संस्थेचे सचिव प्रस्तावाचा संच बांधून घेऊन गेले आणि तासाभराने धापा टाकत परतले. एका सभासदाचा सातबारा घालायचा राहिला होता आणि दुसऱ्याचा चुकून जुना लागला होता. मी तोच संच पुन्हा यंत्रात उभा केला. गोंद पातळ झाल्यावर जुना उतारा अलगद वर उचलून घेतला, त्या जागी नवा सरकवला, राहिलेला उतारा योग्य ठिकाणी घातला, कणा आपटला आणि संच जाळीत ठेवला. चहा येईपर्यंत काम झाले होते. काढलेल्या पानाच्या कडेला गोंदाची बारीक रेघ तेवढी उरली, पण ते पान तर सचिवांच्या खिशात गेले. संचावर कसलीही खूण राहिली नाही. हे काम प्रामाणिक होते. पण अप्रामाणिक माणसालाही याहून अधिक कष्ट पडले नसते. ज्या यंत्राने संच बांधला जातो तेच यंत्र तो सोडवते, ही गोष्ट अट लिहिणाऱ्यांनी बहुधा कधी यंत्राजवळ उभे राहून पाहिलेली नाही.

पानांची अदलाबदल रोखायची असेल तर त्याचे उपाय जुने आणि जवळपास फुकटचे आहेत. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग क्रमांक, सुरुवातीला एकूण पानसंख्या लिहिलेली अनुक्रमणिका आणि प्रत्येक पानावर अर्जदाराची सही व शिक्का एवढे असले, तर संच हिरव्या टॅगने बांधलेला असला तरी त्यातले पान गुपचूप बदलणे अवघड जाते. आमचे मामंजी हाताने बाइंडिंग करीत. महत्त्वाचे दप्तर ते कडेला तीन भोके पाडून दाभणाने दोऱ्यात ओवत आणि दोऱ्याच्या गाठीवर मालक लाखेची मोहोर करी. दोरा कापला किंवा लाख फुटली तर दिसते. थर्मलच्या गोंदात असे काहीच दिसत नाही. आज कोणी लाख लावत बसावे असे माझे म्हणणे नाही, पण सुरक्षितता म्हणजे काय, हे त्या मोहोरेला आमच्या यंत्रापेक्षा जास्त कळत होते.

अटीची दुसरी बाजू हवामानाची आहे. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. जुलैत हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या खाली येत नाही. कागद हा मुळात झाडाचा तंतू, त्यामुळे तो हवेतले पाणी ओढून घेतो. रीम फोडून रात्रभर उघडी ठेवली तर सकाळी कागदाचा कडकपणा गेलेला असतो, बोटाला तो मऊ लागतो आणि झेरॉक्स मशीनमध्ये दर पाचव्या-सहाव्या पानाला अडकतो. आम्ही दुकानदार पावसाळ्यात कागदाच्या कपाटात चोवीस तास पिवळा बल्ब लावून ठेवतो तो त्यासाठीच. घरून छापून, दप्तरात घालून, भिजत-निथळत आणलेल्या कागदाला मात्र हा बल्ब मिळालेला नसतो. अशा ओलसर कागदाची कड दीडशे अंशांच्या आसपास तापलेल्या गोंदात टेकली की कडेतल्या ओलीची वाफ होते, गोंदात बारीक बुडबुडे धरतात आणि गोंद तंतूंत शिरण्याऐवजी वरवर बसतो. संच हातात घेतला तर छान दिसतो. दोन दिवसांनी मधले एखादे पान धरून जरा ओढावे, तर ते कसलाही आवाज न करता हातात येते.

यातली एक चूक माझी स्वतःची आहे आणि ती लिहिल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. तीन वर्षांपूर्वी जुलैत पदविकेचा एक विद्यार्थी संध्याकाळी सव्वाशे पानांचा प्रकल्प अहवाल घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुडाळच्या पुढे एका महाविद्यालयात द्यायचा होता. कागद दमट आहेत हे मला हात लावताच कळले होते. पंख्याखाली तासभर पसरून ठेवू या, असे मी म्हणाले, तेव्हा तो काकुळतीला येऊन म्हणाला, ‘वैनी, गाडी सुटतली, तसाच द्या.’ मी तसाच दिला. शिट्टी वाजल्यावर जाळीत ठेवायचा संच प्लास्टिकच्या पिशवीत घालून गरम-गरमच त्याच्या हाती दिला. एस.टी.च्या हिसक्यांत कणा वाकला, निवतानाच गोंद तिरका झाला आणि महाविद्यालयात पोचल्यावर मधली तेरा पाने सुटी निघाली. बाइंडिंग निकृष्ट म्हणून अहवाल परत आला आणि मुलाचा दिवस फुकट गेला. मी पैसे परत केले, नवे कव्हर घालून दिले, तरी त्याच्या आईची नजर अजून आठवते. दोष माझा होताच. पण त्याच मुलाला स्पायरलची परवानगी असती, तर ओलसर कागदानेही काही बिघडले नसते, कारण भोकातून गेलेल्या तारेला कागद कोरडा असण्याची गरज नसते.

कागद कोरडा असून कणा नीट निवला, तरी पुढे महिना-दोन महिन्यांत आणखी एक प्रकार दिसतो. संचाची कण्याकडची बाजू गोंदाने जखडलेली असते, मोकळी बाजू मात्र हवेतली ओल घेऊन फुगते, आणि कडेला समुद्राच्या पाण्यासारख्या लाटा उमटतात. कागद ज्या दिशेने तंतू गेलेले असतात त्या दिशेला थोडा आणि त्याच्या आडव्या दिशेला बराच अधिक फुगतो. उभ्या ए-फोर कागदात तंतू बहुधा लांबीच्या दिशेने, म्हणजे कण्याला समांतर असतात, म्हणून त्यात लाटांवरच भागते. पण गावनकाशे, बांधकामाचे आराखडे किंवा मोठे तक्ते आडव्या कागदावर छापून त्यांच्या आखूड बाजूने थर्मल केले, की तंतू कण्याला आडवे येतात आणि पावसाळ्यात कणाच वेडावाकडा होतो. घडी घातलेला मोठा नकाशा त्यात चिकटवला तर उघडताना तो आपल्याबरोबर शेजारची दोन पानेही ओढून आणतो. बंधाऱ्यांच्या आणि जेटीच्या कामांच्या प्रस्तावांत असे नकाशे असायचेच; त्यांच्यासाठी मागच्या कव्हराला एक खिसा लावावा, एवढे कोणीतरी सूचनापत्रात लिहायला हवे.

गुळगुळीत चकचकीत कागदाची गोष्टही अशीच. कामाचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो फोटोपेपरवर छापून जोडा, असे सांगितले जाते. त्या कागदावरच्या लेपात गोंद शिरत नाही. मी त्याची कड पॉलिश पेपरने घासून घेते, किंवा फोटो साध्या कागदाच्या पट्टीवर चिकटवून ती पट्टी गोंदात जाईल असे करते. हे घाईत होणारे काम नाही, आणि शेवटच्या दिवशी साडेचार वाजता येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते समजावूनही सांगता येत नाही.

पावसाळा संपला म्हणून सुटका होत नाही. ईव्हीए गोंद पूर्ण पातळ व्हायला बरीच उष्णता लागते हे खरे, पण त्याच्या कितीतरी आधी तो मऊ पडू लागतो. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या पुढच्या काचेखाली ठेवलेला संच मी परत आलेला पाहिला आहे. त्याचा कणा एका बाजूला कलला होता आणि तशाच अवस्थेत घट्ट झाला होता. एका ठेकेदाराला मी तो पुन्हा तापवून सरळ करून दिला, तेव्हा त्याला आनंद झाला. मला मात्र पुन्हा तेच वाटले, की इतक्या सहज सरळ होणारी वस्तू बंद कशी म्हणायची.

एवढे लिहिले म्हणजे थर्मल बाइंडिंग वाईट, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. संस्थेचा वार्षिक अहवाल, प्रशिक्षणाच्या टिपणांचा संच, बँकेला द्यायचा प्रकल्पाचा आराखडा, अशा ३०-४० पानांच्या आणि वर्ष-दोन वर्षे वापरायच्या कामाला त्याच्याइतकी स्वच्छ आणि झटपट पद्धत नाही. भोके पाडावी लागत नाहीत, कपाटात संच एकावर एक नीट बसतात, कण्यावर नावाची पट्टी लावता येते. कोकणापुरता त्याचा एक मोठा गुण तर कोणी बोलूनच दाखवत नाही. मामंजी मैद्याची खळ शिजवत आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. तरीही दमट कपाटात जुन्या वह्यांचे कणे कसरीने पोखरलेले आम्ही पाहिले, कारण तिला पीठ हवे असते. ईव्हीएच्या गोंदात तिच्या खाण्याजोगे काही नाही. कागद ती खाईल, वाळवी तर काहीच सोडणार नाही, पण कणा तरी कसरीच्या जेवणाच्या पानावर वाढलेला नसतो.

दहा-वीस वर्षे जपायच्या कागदांची बाब निराळी आहे. वर्षानुवर्षे ऊन-गारवा खाल्लेला हा गोंद हळूहळू कडक होतो आणि संच सपाट उघडला की कण्यावर चीर पडते. जे टिकले ते शिवलेले किंवा मोकळेच बांधून ठेवलेले. पुण्याच्या पुरालेखागारातले पेशवे दप्तर कापडी रुमालांत बांधलेले आहे, आपल्याकडच्या घराघरांतल्या पोथ्या दोन फळ्यांमध्ये सुट्या पानांनी राहिल्या, आणि १८२८ साली स्थापन झालेल्या रत्नागिरीच्या नगर वाचनालयासारख्या जुन्या संस्थांतली पुस्तके आजही हातात घेता येतात त्यात जुजबंदीच्या, म्हणजे पानांच्या घड्या शिवून केलेल्या बांधणीच्या, दोऱ्याचा वाटा मोठा आहे. कायम नोंदीचा संच असेल तर सरळ ‘शिवून, पुठ्ठ्याचे बाइंडिंग’ असे लिहावे. मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना ‘ब्लॅक बुक’ म्हणजे काळ्या पुठ्ठ्यात बांधलेला प्रकल्प अहवाल, हे सांगावे लागत नाही. तसाच नेमका शब्द प्रस्तावांच्या बाबतीतही वापरता येईल.

आणखी एक गोष्ट राहून जाते ती समासाची. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ए-फोर कागदाच्या दोन्ही बाजूंना छपाई मान्य केली, तेव्हा डावीकडे आणि उजवीकडे ४ सेंटिमीटर समास सोडण्यास सांगितले आणि कागदही किमान ७५ जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) असावा असे नमूद केले. बांधणीचा विचार करून लिहिलेली सूचना अशी असते. आमच्याकडे येणाऱ्या सूचनापत्रांत कव्हराचा रंगसुद्धा सांगितलेला असतो, समासाचा मात्र पत्ता नसतो. मग उमेदवार जागा वाचवण्यासाठी कागदाच्या कडेपर्यंत मजकूर छापून आणतो आणि बांधल्यावर प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर कण्यात गडप होते. कव्हराची जाडी हाही असाच दुर्लक्षित विषय. दहा कागदांचा थर साधारण एक मिलिमीटर भरतो. ६० कागदांना ६ मिलिमीटरचे कव्हर लागते. गावात ते शिल्लक नसेल आणि १० मिलिमीटरच्यात ६० कागद कोंबले, तर ते आत डुलत राहतात आणि कडेचे चिकटतच नाहीत. तालुक्याच्या दुकानात प्रत्येक मापाची कव्हरे नेहमी असतातच असे नाही, आणि पुढची खेप कोल्हापूरहून येईपर्यंत अंतिम तारीख थांबत नाही.

मूळ कागदांविषयी तर कळकळीने सांगावेसे वाटते. मुद्रांक कागदावरचे करारपत्र, मूळ दाखला, जुना फेरफार उतारा यांची कड गोंदात घालू नये. पुन्हा तापवून काढले तरी कडेला गोंद राहतोच, आणि तो खरवडताना जुना कागद फाटतो. मी अशा वेळी मूळ कागद प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात घालून पाकिटाची पट्टी बांधते. पण ‘मूळ प्रतीसह थर्मल’ असे लेखी असले, की गिऱ्हाईक माझे ऐकत नाही; त्याला अर्ज नाकारला जाण्याची भीती असते.

या सगळ्यावर कळस म्हणावा अशी एक गोष्ट मी एका कार्यालयात स्वतः पाहिली. आम्ही दमट हवेत जपून बांधलेला संच स्वीकारल्यावर तिथल्या कर्मचाऱ्याने तो स्कॅन करण्यासाठी कटरने कण्यापासून सरळ कापला, पाने स्कॅनरमध्ये घातली आणि नंतर तीच पाने पंच करून हिरव्या टॅगने फाइलला लावली. त्या कर्मचाऱ्याचा यात काहीच दोष नाही; स्कॅनरला सुटी पानेच लागतात. पण अर्जदाराने कव्हराचे पैसे, गाडीभाडे आणि अर्धा दिवस ज्यासाठी खर्च केला, ते त्या कार्यालयात पाच मिनिटेही टिकले नाही.

म्हणून संबंधित विभागांना आणि महाविद्यालयांना माझी विनंती आहे की, येत्या पावसाळ्यातील सूचनापत्रे काढण्यापूर्वी या ओळीचा फेरविचार करावा. जो संच स्कॅन होणार आहे तो पृष्ठक्रमांक, अनुक्रमणिका आणि प्रत्येक पानावरील सहीसह टॅगने बांधलेला स्वीकारावा. जो हाताळला जाणार आहे त्याला स्पायरल किंवा थर्मल यांपैकी जे गावात मिळेल ते चालावे. जो कायम राहणार आहे तो शिवलेला मागावा, आणि डाव्या समासाचे माप कव्हराच्या रंगाच्या आधी लिहावे. जून ते सप्टेंबर या काळात केवळ बाइंडिंग सुटले या कारणाने एखाद्या विद्यार्थ्याचा अहवाल परत करण्याऐवजी तो तिथेच टॅग लावून घेतला, तर माझ्यासारख्या दुकानदाराची दोन कव्हरे कमी खपतील. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

व्यवसायामुळे माझा रोजचा संबंध याच कार्यालयांत येणाऱ्या अर्जदारांशी येत असल्याने पत्रासोबत माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक झेरॉक्स व बाइंडिंग व्यावसायिक,
देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग